तिकीट नसलेली गर्दी

बैलगाडा शर्यतीचा विषय निघाला की बोलणे बैलांवर येते, नाहीतर बंदीवर. घाटाच्या दोन्ही अंगांना बसणाऱ्या गर्दीलाही इतिहास आहे, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

जुन्नर-आंबेगावचा घाट म्हणजे चढणीची सरळ धाव. गाड्यावर माणूस नसतो; चार बैल आणि पुढे घोडी. एक बारी काही सेकंदांत संपते, पण त्यासाठी माणसे दिवसभर उन्हात बसतात. थापलिंगच्या खंडोबाची पौष पौर्णिमेची यात्रा असो की चैत्रातल्या गावोगावच्या यात्रा, घाटात शिरायला परंपरेने तिकीट नाही. तरी हा खेळ फुकटचा नव्हे. यात्रेसाठी घरटी वर्गणी निघते; इनाम, मांडव, वाजंत्री त्यातूनच होते. त्यामुळे इथला प्रेक्षक यजमानही असतो. यात्रा कमिटीला जाब विचारण्याचा त्याचा हक्क या वर्गणीतून येतो.

शहरातल्या मैदानांची वाट वेगळी. मुंबईत १९३७ साली उभे राहिलेले ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचे. सामन्यांच्या जागा किती मिळाव्यात, यावरून क्लब आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांचे बिनसले आणि थोड्याच अंतरावर वानखेडे उभे राहिले. जानेवारी १९७५ मध्ये तिथे पहिली कसोटी झाली. म्हणजे वानखेडेचा जन्मच तिकिटांच्या भांडणातून झाला. त्याच मैदानावर २०११ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा सुमारे ३३,००० जागांपैकी सामान्यांसाठी विक्रीला आल्या जेमतेम ४,०००.

इंग्लंडात फुटबॉलच्या निष्ठावंतांनी याला उत्तर दिले. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलच्या मालकांनी ७७ पौंडांचे तिकीट जाहीर केले, तेव्हा ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार प्रेक्षक मैदान सोडून गेले. काही दिवसांतच मालकांनी माघार घेतली. गर्दीची किंमत गर्दी उठल्यावर कळली.

आपल्या घाटांवर गर्दी उठली ती न्यायालयाच्या आदेशाने. ७ मे २०१४ च्या निकालाने शर्यती थांबल्या. २०१७ चा राज्याचा कायदा उच्च न्यायालयात अडकला. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने कायदा वैध ठरवला. बैलांचे हाल हा या खटल्याचा गाभा होता. चाबूक, काठी यांवरची बंदी खरोखर पाळली जाते की नाही, हे पाहणारे सर्वांत जवळचे डोळे याच गर्दीचे आहेत.

बंदी उठल्यावर गर्दी परतली, पण इनामाचे रूप पालटले. पूर्वी रोख रकमेचे, भांड्यांचे अप्रूप होते; आता मोठ्या शर्यतींत ट्रॅक्टर, चारचाकी, जेसीबीपर्यंत मजल गेली आहे. एवढे इनाम घरटी वर्गणीतून निघत नाही. ते प्रायोजकाकडून येते, पुढाऱ्याकडून येते. मग फलक त्याचा, व्यासपीठ त्याचे आणि समोरची गर्दीही त्याचीच मोजली जाते. तिकीट न लावताही प्रेक्षकाचा मान असा काढून घेता येतो.

मोठे इनाम नको, असे कोणताही गाडामालक म्हणणार नाही. खिलार जोडी सांभाळायचा खर्च त्याला ठाऊक आहे. गावांनी इनाम खुशाल घ्यावे, पण घरटी वर्गणी थांबवू नये. रक्कम थोडी असली तरी चालेल. तिचा हिशेब मात्र देवळासमोर, सगळ्यांच्या देखत वाचला गेला पाहिजे. जाब विचारण्याचा हक्क त्या हिशेबावरच टिकून आहे.