सातपुड्याचे नाले नकाशातून कुठे हरवतात? समोच्च रेषांची अडीचशे वर्षे

#धागा

१/ चोपड्याच्या उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी. नकाशात डोंगरावर समोच्च रेषा एकमेकींना खेटून असतात, तापीकाठी मात्र दूरवर एकही रेषा आढळत नाही. याच रेषा संगणकावर काढून फाईलमध्ये उतरवल्या, की अनेकदा नाले दिसेनासे होतात. हा प्रश्न संगणकाहून जुना आहे.

२/ त्याचे महत्त्व पाण्याशी जोडलेले आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी नाल्यांनी आणलेल्या दगडगोट्यांच्या थरांतून पाणी जमिनीत मुरते. चोपडा, यावल आणि रावेरच्या केळीबागांच्या विहिरी त्यावर अवलंबून आहेत. बंधारा वा समतल चर कुठे घ्यावा, हे समोच्च रेषेवरून ठरते.

३/ १७७४ साली पृथ्वीची घनता शोधण्यासाठी स्कॉटलंडमधील शिहॅलियन डोंगराची मोजणी झाली. उंचीच्या आकड्यांनी भरलेल्या कागदावर चार्ल्स हटन यांनी समान उंचीचे बिंदू रेषेने जोडले आणि डोंगराचा आकार स्पष्ट झाला. मोजलेले होते ते बिंदू. मधली रेषा अनुमानाची होती.

४/ भारतात १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण आरंभले. १८२३ मध्ये हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. या कार्यातून निश्चित स्थानांचे आणि उंचीचे बिंदू मिळाले. त्यांमधील भूरूप सर्वेक्षकांनी प्रत्यक्ष जागेवर प्लेन टेबल मांडून रेखाटले.

५/ चोपडा ‘४६ ओ’ या पत्रकात येते. एक इंच म्हणजे एक मैल या नकाशांत दोन रेषांमधील उंचीचे अंतर सामान्यतः ५० फूट असे. पुढे १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांत ते २० मीटर झाले. त्याहून कमी उंचीचा उंचवटा दोन रेषांच्या मध्ये राहून जाई. मात्र प्रमाण आणि अंतर समासात छापलेले असल्याने काय गळले, हे वाचकाला कळत असे.

६/ फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर अंतराळयानाने रडारने पृथ्वीच्या बहुतांश भूभागाची उंची मोजली. अमेरिकेसाठी सुमारे ३० मीटरच्या चौकटींची माहिती खुली झाली. उर्वरित जगाला २०१४ पर्यंत ती सुमारे ९० मीटरच्या चौकटींत मिळत होती. एवढ्या चौकटीत अरुंद नाला मावत नाही.

७/ फाईल हलकी करण्याची रीतही जुनी आहे. १९७३ मध्ये डग्लस आणि प्यूकर यांनी रेषेतील ‘अनावश्यक’ बिंदू वगळण्याची पद्धत मांडली. किती विचलन चालेल, हे वापरणारा ठरवतो. अंशांत मोजणाऱ्या फाईलला ०.००१ ही मर्यादा दिली, तर चोपड्याच्या अक्षांशावर रेषा शंभरेक मीटरपर्यंत सरकू शकते.

८/ तिसरी गळती दशांशांची. जिओजेसन फाईलमध्ये स्थान अक्षांश-रेखांशांत लिहिले जाते. पाच दशांश स्थळे म्हणजे सुमारे एक मीटर, तीन म्हणजे शंभरेक मीटर, दोन म्हणजे सुमारे एक किलोमीटर. आकडे छाटले की गोल वळणे पायऱ्यांसारखी दिसू लागतात.

९/ चौथी गळती उंचीची. रेषा उतरते, तिच्यासोबतचा उंचीचा आकडा मागे राहतो. शेपफाइलमध्ये रकान्याचे नाव दहा अक्षरचिन्हांपलीकडे तुटते. रंग भरलेल्या पट्ट्यांत आतली पोकळी नीट उतरली नाही, तर एकाकी टेकडीही नाहीशी होते.

१०/ वीस मीटरला एक मीटर चढणाऱ्या उतारावर रेषा ५० मीटर खालीवर सरकली, तर उंचीत अडीच मीटरांची चूक होते. रेषेचा काही भागच असा सरकला, तर तिच्याबरहुकूम खोदलेला चर समतल राहत नाही. पाणी मुरण्याऐवजी वाहते आणि बांध फोडते.

११/ म्हणून तपास उगमाकडून करावा. प्रथम मूळ चौकटी पाहाव्यात: तेथेच नाला नसेल, तर एक्स्पोर्टमधील कोणतीही दुरुस्ती तो परत आणणार नाही. मग सुलभीकरण बंद करून, दशांश वाढवून फाईल पुन्हा काढावी आणि पहिल्या रेषांवर ठेवून ताडून पाहावी. नाला ओलांडताना समोच्च रेषा उगमाकडे टोक करून वळते; हे टोक जिथे बोथट झाले, तिथे तपशील गेला.

१२/ काही वगळल्याशिवाय नकाशा होत नाही. जुन्या पत्रकाने काय वगळले ते समासात सांगितले. आजच्या फाईलला समास नाही. चौकटीचा आकार, रेषांमधील अंतर, सुलभीकरणाची मर्यादा आणि दशांश स्थळे या चार नोंदी फाईलसोबत द्याव्यात. चराची कुदळ मारण्यापूर्वी त्या वाचता यायला हव्यात.