गव्हाणीभोवतीचे शेत

आगमनकाळाचा पहिला रविवार उजाडतो न उजाडतो, तोच आमच्या उपनगरांतील कित्येक घरांत बशा-ताटल्या ओल्या मातीने भरतात आणि त्यांत गहू वा नाचणी पेरली जाते. नाताळच्या गोठ्याभोवती हिरवे शेत हवे ना!

संत फ्रान्सिस यांनी इटलीतील ग्रेच्चो येथे 1223 साली गोठ्याचा देखावा मांडला. फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतात 4 डिसेंबरला, संत बार्बरा हिच्या सणाला, बशीत गहू भिजवतात. तिकडच्या थंडीत नाताळपर्यंतचे तीन आठवडे त्याला मानवतात. आमचा डिसेंबर उबदार. दहा-बारा दिवसांत रोप वीतभर होते आणि अंधाऱ्या कोपऱ्यात असले तर पिवळे पडून 25 तारखेपूर्वीच माना टाकते.

साष्टीतील आमचे पूर्वज जमीन भाजून राबात भाताचे रोप काढीत आणि पाऊस स्थिरावल्यावरच लावणी करीत. एवढा धीर आम्हांस कोठून असणार? शेते एकेक करून गेली. 1973 साली मरोळजवळ सीप्झ वसले. पेरावयास उरली ती बशी. तेव्हा ही घाई आम्हांस क्षम्यच वाटते. मात्र गहू 14 डिसेंबरच्या सुमारास पेरावा आणि बशी उन्हाच्या खिडकीत ठेवावी.