नांगर आणि पेढी

राष्ट्र वाढावें कसें, या प्रश्नावर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आरंभापासूनच दोन तट पडले. दोहोंचे पुढारी वॉशिंग्टनच्या एकाच मंत्रिमंडळांत होते. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याचें म्हणणें असें कीं, राज्याची पत हेंच राज्याचें बळ. देणीं चोख फेडावीं, एक मध्यवर्ती बँक असावी आणि तिच्या आधारानें व्यापार व कारखाने वाढावे. परराष्ट्रमंत्री टॉमस जेफर्सन याला हें मुळींच रुचेना. स्वतःची जमीन कसणारा शेतकरी हाच लोकसत्तेचा खरा आधार. राष्ट्रानें पश्चिमेकडे पसरावें, पेढीवाल्यांच्या हातीं जाऊं नये, हें त्याचें मत. बँक काढण्याचा अधिकार राज्यघटनेनें दिलेलाच नाहीं, असा लेखी अभिप्राय त्यानें दिला. तरीही २५ फेब्रुवारी १७९१ रोजीं वॉशिंग्टननें सही केली आणि एक कोट डॉलर भांडवलाच्या बँकेस वीस वर्षांची सनद मिळाली.

बारा वर्षांनीं जेफर्सन स्वतः अध्यक्ष असतां त्याच्याच तत्त्वांची कसोटी लागली. न्यू ऑर्लिन्स बंदर विकत मागावयास गेलेल्या वकिलांपुढें नेपोलियननें सारा लुइझियाना प्रांतच ठेवला. ३० एप्रिल १८०३ च्या तहानें दीड कोट डॉलरांस सव्वाआठ लाख चौरस मैलांहून अधिक मुलूख मिळाला. देशाचा विस्तार जवळजवळ दुप्पट झाला. पण प्रांत विकत घेण्याचा अधिकार तरी घटनेंत कोठें लिहिला होता? जेफर्सननें घटनादुरुस्तीचा मसुदा केला आणि विलंब परवडणार नाहीं म्हणून तो बाजूस ठेवला. एवढी रोकडही तिजोरींत नव्हती. एक कोट साडेबारा लाख डॉलरांचे, सहा टक्के व्याजाचे रोखे काढावे लागले. ते लंडनच्या बेअरिंग व ॲम्स्टरडॅमच्या होप या पेढ्यांनीं घेतले. हॅमिल्टननें बसविलेली पत नसती, तर ते कोणीं घेतले असते?

हा मुलूख ओसाडही नव्हता. पिढ्यानपिढ्या तेथें नांदणाऱ्या मूळ रहिवाशांना कोणीं विचारलें नव्हतें. फ्रान्सनें विकला तो केवळ हक्क. जमीन पुढें तह, सक्ती आणि लढाया यांनीं घेतली गेली.

शेतकऱ्यालाही पेढी टाळतां आली नाहीं. १८०० च्या कायद्यानें सरकारी जमीन एकरीं निदान दोन डॉलर दरानें, हप्त्यांवर मिळे. १८१६ सालीं दुसरी राष्ट्रीय बँक निघाली. तिच्या सनदेवर सही करणारा अध्यक्ष मॅडिसन हा पहिल्या बँकेचा कट्टा विरोधक होता. तिनें प्रथम सढळ हातानें कर्जें दिलीं, मग एकाएकीं हात आखडला. १८१९ च्या मंदींत शेतमालाचे भाव कोसळले, हप्ते थकले, जमिनी गेल्या. बँकेविषयींचा राग पश्चिमेंत घर करून राहिला.

त्या रागाच्या बळावर अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यानें १० जुलै १८३२ रोजीं बँकेची नवी सनद नाकारली आणि पुढील वर्षीं सरकारी ठेवी प्रांतिक बँकांत ठेवण्यास आरंभ केला. एक बँक खचली, तर तिच्या जागीं अनेक माजल्या. त्यांच्या कागदी नोटांवर जमिनीचा सट्टा चालला. १८३६ सालीं सरकारी जमिनीची विक्री अडीच कोट डॉलरांच्या घरांत गेली. जमिनीचें मोल सोन्याचांदींतच घ्यावें, असा हुकूम जॅक्सननें त्याच वर्षीं जुलैंत काढला. इतर कारणांत या हुकुमाचीही भर पडून १८३७ सालीं देशभर बँकांनीं नोटांबद्दल नाणें देणें थांबविलें.

पुढें लिंकननें २० मे १८६२ रोजीं, पांच वर्षें राहून जमीन कसणाऱ्याला १६० एकर देणाऱ्या कायद्यावर सही केली, आणि २५ फेब्रुवारी १८६३ रोजीं राष्ट्रीय बँकांच्या कायद्यावर. नांगर व पेढी यांचा कलह तेवढ्यानें मिटला नाहीं. पण जमिनीचा ध्यास धरणाऱ्याला पत लागतेच, आणि ती कोणाच्या हातीं असावी हाच खरा प्रश्न, हें मात्र या सत्तर वर्षांनीं शिकविलें. पत बेजबाबदार हातांत गेली कीं, धनी कोणीही असो, घर बुडतें तें शेतकऱ्याचेंच.