लाखाच्या वर्गाची कुळकथा

गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा किंवा देवरीच्या विद्यार्थ्याने आयआयटीतल्या प्राध्यापकाची व्याख्यानं मोबाइलवर ऐकावीत, परीक्षा द्यावी आणि ते क्रेडिट आपल्या पदवीत जमा करून घ्यावं, अशी तरतूद आज नियमांत आहे. महाराष्ट्रात या वाटेची पायाभरणी घरोघरी इंटरनेट पोहोचण्याच्या कितीतरी आधी, नाशिकला झाली.

1 जुलै 1989 रोजी तिथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं. राम ताकवले पहिले कुलगुरू. ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रम होता. तो पार केला की पदवीचं दार उघडायचं. पुस्तकं एकट्यानं वाचून समजतील अशी लिहिलेली असत, आणि तरीही अडलं तर जवळच्या अभ्यासकेंद्रावर संमंत्रक भेटत. शेती, नोकरी, संसार सांभाळून शिकणाऱ्यांना त्या भेटीचा मोठा आधार होता.

 1999च्या सुमारास आयआयटी मद्रासमध्ये एका योजनेची जुळवाजुळव चालू होती. आयआयटीतली व्याख्यानं चित्रित करून देशभरच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना फुकट द्यायची, ही ती योजना. 2003 मध्ये सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून ती ‘एनपीटेल’ नावानं सुरू केली. व्याख्यानं मिळू लागली. परीक्षा आणि प्रमाणपत्र मात्र नव्हतं.

मूक, म्हणजे सर्वांना खुला असलेला प्रचंड ऑनलाइन वर्ग, परदेशात आकाराला आला. 2008 मध्ये कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांच्या वर्गात फी भरणारे 25 जण होते, इंटरनेटवरून फुकट आलेले दोन हजारांहून जास्त. 2011 मध्ये स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वर्गाला सुमारे 1,60,000 जणांनी नाव नोंदवलं. पुढच्या वर्षी एमआयटीच्या सर्किट्सच्या अभ्यासक्रमाला सुमारे 1,55,000 आले, उत्तीर्ण झाले जेमतेम 7,000.

नोंदणी आणि निकाल यांतली ही दरी डोळ्यांत भरणारी आहे.

भारतानं या वर्गाला परीक्षेची आणि विद्यापीठाच्या मान्यतेची जोड दिली. एनपीटेलचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम 2014 मध्ये सुरू झाले. आयआयटी मुंबईत दीपक फाटक यांच्या पुढाकारानं ‘आयआयटीबॉम्बेएक्स’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ उभं राहिलं. 9 जुलै 2017 रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठाचं उद्घाटन झालं. विद्यापीठ अनुदान आयोगानं 2016 मध्ये 20 टक्के, तर 2021 मध्ये 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम अशा मार्गानं पूर्ण करण्याची मुभा विद्यापीठांना दिली.

व्यवस्था सोपी आहे. एनपीटेलचा अभ्यासक्रम साधारण चार, आठ किंवा बारा आठवड्यांचा. दर आठवड्याला व्याख्यानं आणि एक असाइनमेंट. गुणांत असाइनमेंटचा वाटा 25 टक्के, परीक्षेचा 75. शिकणं फुकट, परीक्षेला बसायचं तरच फी, आणि ती परीक्षा नेमलेल्या केंद्रावर जाऊन द्यायची.

अवघड आहे ते टिकून राहणं. गोंदिया, आमगाव, तिरोड्याच्या कॉलेजांत मराठी माध्यमातून आलेली मुलं असतात. इंग्रजी व्याख्यानाच्या तिसऱ्या आठवड्यात गाडी अडली, तर विचारायचं कोणाला? एनपीटेलनं त्यासाठी कॉलेजांत ‘लोकल चॅप्टर’ची सोय केली, त्यात एक प्राध्यापक समन्वयक असतो. नाशिकच्या विद्यापीठानं संमंत्रकाकडे सोपवलेलं काम त्यालाही करता येईल. मात्र त्यासाठी कॉलेजनं त्याच्या वेळापत्रकात आठवड्याचा एक तास राखून ठेवायला हवा.