निनावी आजार आणि आशेचा आधार : ऑगस्टस देस्ते यांची रोजनिशी

प्रस्तावना : मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंच्या मायलिन या आवरणावर हल्ला करते. परिणामी दृष्टी, तोल व चालण्याची शक्ती बाधित होते. या आजाराच्या रुग्णांनी स्वतः लिहून ठेवलेल्या सर्वांत जुन्या वृत्तांतांमध्ये इंग्लंडचे राजे तिसरे जॉर्ज यांचे नातू ऑगस्टस देस्ते (१७९४–१८४८) यांच्या रोजनिशीची गणना होते. अशा रुग्णाची आशा ही निव्वळ मनाची समजूत असते काय, या प्रश्नाचा प्रस्तुत लेखात या रोजनिशीच्या आधारे विचार केला आहे.

रोजनिशीतील नोंदी : डिसेंबर १८२२ मध्ये स्कॉटलंडमध्ये एका पितृतुल्य स्नेह्याच्या अंत्यविधीनंतर देस्ते यांची दृष्टी अंधुक झाली. पत्रेदेखील इतरांकडून वाचून घ्यावी लागली. मात्र कोणत्याही उपचाराविना ती पूर्ववत झाली. १८२७ मध्ये फ्लॉरेन्स येथे एका वस्तूच्या दोन दिसू लागल्या व पायांतील बळ गेले. कालांतराने तेही बऱ्याच अंशी परतले. जळवा, मर्दन, औषधी स्नाने असे नाना उपाय झाले. पुढे काठी आली, अखेरीस चाकांची खुर्चीही. तरीही सुधारणेची अपेक्षा त्यांनी सोडली नाही.

विवेचन : पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराची स्वतंत्र ओळख पटवली. देस्ते यांच्या हयातीत आजाराला नाव नव्हते. त्यामुळे भवितव्य सांगणारेही कोणी नव्हते. परंतु गेलेली शक्ती परतते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. त्यांच्या आशेमागे निरीक्षण होते. याउलट, नाव मिळाल्यानंतरच्या काळात रुग्णांना दीर्घकाळ श्रम टाळण्याचाच सल्ला दिला जाई. अमेरिकेतील पेटाजन व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १५ आठवड्यांच्या नियमित व्यायामाने रुग्णांची शारीरिक क्षमता वाढल्याचे दिसले आणि या सल्ल्याचा पाया डळमळला.

समारोप : व्यायामाने आजार नाहीसा होत नाही आणि देस्तेही बरे झाले नाहीत. तथापि उरलेली शक्ती वापरत राहणे हा भाबडेपणा नव्हे, एवढे निश्चित म्हणता येते. डग्लस फर्थ यांनी १९४८ मध्ये, देस्ते यांच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी, ही रोजनिशी ग्रंथरूपाने अभ्यासकांपुढे आणली. वैद्यकाच्या इतिहासात वैद्याच्या शोधाइतकीच रुग्णाची साक्षही मोलाची ठरते, हे तिच्यावरून स्पष्ट होते.