मेंदूचा आतला कोट



अडगावची लढाई २९ नोव्हेंबर १८०३ ला झाली. त्यानंतर जनरल वेलस्ली ६ डिसेंबरला आपल्या या अचलपुरात थांबला, तो जखमी शिपायांसाठी रुग्णालय उघडण्याकरिता. १५ तारखेला गाविलगड पडला. बाहेरचा कोट तोफांनी फुटला होता. पण आत घुसलेल्यांना पुढे दुसरा कोट दिसला आणि त्याला खिंडार नव्हते. अखेर कॅप्टन कँपबेलच्या तुकडीने शिड्या लावून तो ओलांडला व दरवाजा उघडला.

आज बोलायचे आहे ते दुसऱ्याच एका आतल्या कोटाविषयी. मेंदूत कर्काची गाठ झालेल्या माणसाला घेऊन नागपूर-मुंबई गाठणारे नातेवाईक विचारतात, “रक्तात सोडलेले औषध सगळीकडे पोचते, मग डोक्यातच का लागू पडत नाही? डॉक्टर तर चुकला नाही?” प्रश्न रास्त आहे आणि त्याच्या उत्तराला सव्वाशे वर्षांहून जुना इतिहास आहे.

जर्मनीत पॉल एर्लिख याने १८८५ च्या सुमारास जनावरांच्या रक्तात रंग सोडून पाहिले. सारी इंद्रिये रंगली, मेंदू मात्र पांढराच राहिला. एर्लिखने तर्क केला की मेंदूला त्या रंगाची ओढच नसावी. एवढा बुद्धिमान माणूस, पण येथे चुकला! त्याचाच शिष्य गोल्डमन याने १९१३ मध्ये मेंदू व कण्याभोवतीच्या पाण्यात निळा रंग सोडला. तेव्हा मेंदू निळा झाला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले. ओढ होती, वाट नव्हती. ती कुठे अडते हे १९६७ मध्ये रीझ आणि कार्नोव्स्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखविले. मेंदूतील केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट सांधलेल्या असतात की मधून मोठे रेणू निसटत नाहीत. शिवाय तेथे पहारेकरीही असतात. १९७६ मध्ये जुलियानो व लिंग यांना औषध न जुमानणाऱ्या पेशींवर एक प्रथिन सापडले. आत शिरलेले औषध उपसून बाहेर टाकणे हे त्याचे काम. पुढे ते मेंदूच्या केशवाहिन्यांतही आढळले.

याचा कडू अनुभव रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांवर उपचार करताना आला. औषधांनी रक्त स्वच्छ होई, मूल घरी जाई, आणि काही महिन्यांनी रोग मेंदूच्या आवरणांत पुन्हा डोके काढी. कारण तेथे औषध पुरेसे पोचलेच नव्हते. म्हणून पाठीच्या कण्यात सुई घालून औषध देण्याची व डोक्याला किरण देण्याची रीत आली. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८६ पासून वापरलेल्या उपचारपद्धतीत ही दोन्ही होती. ही शिडी लावण्याचीच युक्ती म्हणायची.

खुद्द मेंदूच्या गाठीला मात्र ती पुरत नाही. कण्यातल्या पाण्यात सोडलेले औषध मेंदूच्या गाभ्यात फार खोल झिरपत नाही. आणि गडाची उपमाही येथे लंगडी पडते, कारण शत्रू घरातलाच आहे. गाठीच्या मध्यभागी कोट बहुधा ढासळलेला असतो, तेथे औषध शिरते. पण तिची मुळे सभोवारच्या चांगल्या मेंदूत पसरलेली असतात आणि तिथला कोट शाबूत असतो. शस्त्रक्रियेनंतर गाठ पुन्हा उगवते ती बहुधा याच कडेने.

टेमोझोलोमाइड हे औषध लहान रेणूचे, म्हणून त्याचा काही अंश कोट ओलांडतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५७३ रुग्णांच्या पाहणीत नुसत्या किरणांनी दोन वर्षे जगलेले शेकडा सुमारे १० होते, औषध जोडल्यावर सुमारे २६. आकडा लहान वाटेल. ज्याच्या घरी रोगी आहे त्याला तो लहान वाटणार नाही. तरी उरलेल्यांचे काय? आत पोचलेले औषध पेशीच्या गुणसूत्रावर घाव घालते, आणि काही गाठींत तो घाव भरून काढणारे द्रव्य तयारच असते. ज्यांच्या गाठीत ते बंद पडलेले असते, त्यांना या औषधाचा गुण अधिक येतो. म्हणून काढलेल्या गाठीचा तुकडा आता त्या तपासणीसाठीही पाठविला जातो.