घड्याळ टिकलं, चेन सुटली

कोड लिहिणं हा माझा रोजचा धंदा, पण आज सॉफ्टवेअर बाजूला. माझ्यासमोर घड्याळाच्या चेनच्या दोन सुट्या कड्या आहेत. आजचा भाग त्यांच्यावर.

आम्ही शहापूरचे. आजोबांकडे चावीचं एचएमटी जनता होतं. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्यानं एचएमटीनं बंगळूरला घड्याळं बनवायला घेतली आणि ती गावोगाव पोचली. पण घाम आणि लावणीचा चिखल यांत चामड्याचा पट्टा टिकेना. म्हणून आजोबांनी बाजारातून स्टीलची चेन बसवून घेतली.

पुढे घड्याळ बाबांकडे आलं. त्यांचं मनगट बारीक, म्हणून घड्याळजीनं दोन कड्या काढून दिल्या. त्या आईच्या डब्यात राहिल्या. काही वर्षांनी वाशिंद-खडवलीच्या मधे, लोकलच्या दारात चेन सुटली आणि घड्याळ गेलं. बाबा त्यावर अजून बोलत नाहीत.

स्टील सुटतं कसं? थोडा इतिहास बघू. पुरुषांच्या मनगटावर घड्याळ रुळलं ते पहिल्या महायुद्धात, तेही चामड्याच्या पट्ट्यावर. इंग्लंडमध्ये हॅरी ब्रिअर्लीनं स्टेनलेस स्टील बनवलं १९१३ मध्ये. धातूच्या चेनला ते पुढे फार उपयोगी पडलं. १९५९ मध्ये अमेरिकेत स्पाइडेलनं ताणून घालायची चेन आणली. त्यात लॉकची कटकट गेली, पण स्प्रिंगा आणि सांधे वाढले. आणि चेन झिजते ती सांध्यातच.

या कड्या नीट पाहिल्या. भरीव नाहीत, पातळ पत्रा दुमडून केलेल्या आहेत. पिनेचं भोक गोल राहिलेलं नाही, लांबट झालंय. धूळ आणि घामाचा चिकटा आत साचतो, हात हलेल तसा पिनेला घासतो, अगदी पॉलिश पेपरसारखा. चेन सैल झाली की जास्त हलते, जास्त हलली की जास्त झिजते. शिवाय घामातलं मीठ साध्या स्टीलला बारीक खड्डे पाडतं. ३१६एल स्टीलमध्ये मॉलिब्डेनम असतं, ते यात जास्त तग धरतं.

म्हणजे चेन सुटणार हे या दोन कड्या आधीच सांगत होत्या. त्या डब्यात होत्या, कुणी बघितल्या नाहीत. घड्याळाला चावी मात्र रोज सकाळी न चुकता दिली जायची.

तर आज घड्याळ आडवं धरा. चेन खाली लोंबली, तर सांधे झिजलेत. ती काढून साबणाच्या पाण्यात जुन्या ब्रशनं घासा. टोकांच्या स्प्रिंग पिना बदलून घ्या, फार पैसे लागत नाहीत.

भेटू पुढच्या भागात.